जुन्या गाडीला कोणते तेल?

(रस्ता सुरक्षा मासानिमित्त सत्तरी तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयाच्या सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. प्रसिद्धी अधिकाऱ्याने शासनाच्या योजनांविषयी बोलावे, फार तर साहित्याविषयी बोलावे. इंजिनात घालावयाच्या तेलाविषयी त्याने बोलण्याचे प्रयोजन काय? शिवाय मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. परंतु माणूस काही गोष्टी पुस्तकांतून शिकतो आणि काही पदरचे पैसे मोजून शिकतो. या विषयातील माझे शिक्षण दुसऱ्या प्रकारे सुरू झाले. पुस्तके मी मागाहून वाचली.

आपल्या तालुक्यात गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शेवटची बस निघून गेल्यावर, भर पावसात, मध्यरात्री कोणाच्या घरी दुखणे उद्भवले, तर वाड्यावर ज्याच्या दारात गाडी उभी असेल त्याचे दार ठोठावले जाते. त्या वेळी ती गाडी रुग्णवाहिकेचेच काम करते. अशा गाड्यांपैकी पुष्कळशा दुसऱ्याच्या हातून आलेल्या, दहा-पंधरा वर्षे धावलेल्या असतात. कोणी निवृत्तीच्या पैशांतून घेतो, कोणी पतसंस्थेचे कर्ज काढून घेतो. तेव्हा त्या गाडीच्या इंजिनाचे आयुष्य हा केवळ गॅरेजवाल्याच्या काळजीचा विषय नव्हे.

प्रथम माझीच चूक सांगतो. २०१३ साली मी बारा वर्षे वापरलेली एक लहान पेट्रोल गाडी विकत घेतली. आवाज गोड होता, धूर दिसत नव्हता. विकणाऱ्याने सांगितले, ‘ऑइल नुकतेच बदलले आहे.’ ते खरेच होते. मात्र त्याने कोणते ऑइल घातले होते, हे मी विचारले नाही. पुढे ऑइल बदलण्याची वेळ आली तेव्हा गॅरेजात योग्य दर्जाचे तेल घातले गेले, आणि इंजिन ठोकल्यासारखा आवाज करू लागले. मी दोष दिला तो नव्या तेलाला! कोणीतरी सल्ला दिला, ‘गाडी म्हातारी झाली, तिला जाड ऑइल लागते.’ मी जाड ऑइल घातले. आवाज दबला. मी निश्चिंत झालो, आणि पुढचे चार महिने बॉनेट उघडून तेल किती उरले आहे हे एकदाही पाहिले नाही.

त्यानंतर एके दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बेळगावला नेत असताना चोर्ला घाटाच्या चढणीवर समोरच्या फलकावर तेलाच्या चंबूचा लाल दिवा लागला. वळणावर लागे, सरळ रस्त्यावर विझे. मी मनाशी म्हटले, घाट चढून गेलो की पाहू. चार किलोमीटर तसाच गेलो. मग आतून खडखडाट झाला आणि इंजिन जागच्या जागी थांबले. गोव्यात भाजी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या एका टेंपोचालकाने आईला पुढच्या बाकावर बसवून बेळगावला पोचवले. पण डॉक्टरांनी दिलेली वेळ टळली होती. पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. आईने मला शब्दानेही बोल लावला नाही, हीच गोष्ट मला अधिक लागली. इंजिन उघडले तेव्हा क्रँकशाफ्ट घासून घ्यावा लागला, बेअरिंगे व पिस्टनच्या रिंगा नव्या घालाव्या लागल्या. गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम त्यात गेली. नाकापेक्षा मोती जड, असा तो प्रकार झाला.

आणि गंमत पाहा. गाडीबरोबर आलेली मालकाची पुस्तिका समोरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, बारा वर्षे जशीच्या तशी होती. कोणते तेल घालावे, किती घालावे, किती दिवसांनी पाहावे, हे सारे तीत छापलेले होते. मी ती उघडली ती गाडी बंद पडल्यावर.

तेल इंजिनात काय करते?

तेल म्हणजे केवळ वंगण, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते पाच कामे करते. फिरणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरून धातूला धातू लागू देत नाही. पिस्टन व बेअरिंग यांची उष्णता वाहून नेते. केवळ पाणीच इंजिन थंड ठेवते असे नाही. ज्वलनातून येणारी काजळी व मळ आपल्यात धरून ठेवते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांमधील फट बुजवते. आणि आतल्या भागांना गंज चढू देत नाही. आपल्याकडील चार महिन्यांच्या दमट पावसाळ्यात हे शेवटचे काम लहान नव्हे.

क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांमधील मोकळी जागा दोन ते पाच शतांश मिलिमीटर एवढीच असते. आपल्या डोक्याचा केससुद्धा सामान्यतः त्याहून जाड असतो. एवढ्याशा जागेत तेलाचा थर सतत पोचत राहिला तर शाफ्ट त्यावर तरंगत फिरतो. तो क्षणभर तुटला तर धातू धातूला घासतो. म्हणून तेल पुरेसे दाट हवे, नाहीतर थर फाटतो. आणि पुरेसे पातळ हवे, नाहीतर ते वेळेवर पोचतच नाही. तेलाची निवड म्हणजे या दोहोंचा मेळ घालणे होय.

हे समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पौष महिन्यात पहाटे आपल्या घरातली खोबरेल तेलाची बाटली गोठते. ते गोठलेले तेल समईत घातले तर वात ते ओढून घेऊ शकत नाही. समई भरलेली असूनही ज्योत मंदावते. तेल आहे, पण पोचत नाही! जाड तेलाने भरलेल्या इंजिनाची पहाटेची अवस्था काहीशी अशीच असते.

डब्यावरचे आकडे

तेलाच्या डब्यावर २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. ही श्रेणी अमेरिकेतील मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने ठरविलेली आहे. ही संस्था १९०५ साली स्थापन झाली. तिच्या नावाची आद्याक्षरे एसएई अशी डब्यावर छापलेली असतात. हे आकडे तापमानाचे नव्हेत, वजनाचेही नव्हेत. ते दाटपणाच्या श्रेणीचे आहेत. शास्त्राच्या पुस्तकांत दाटपणाला श्यानता म्हणतात.

‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल कसे वागते हे सांगतो; आकडा जेवढा लहान, तेवढे ते थंडीत अधिक सहज वाहते. २० श्रेणीची चाचणी शून्याखाली १५ अंशांवर घेतात, ५ श्रेणीची शून्याखाली ३० अंशांवर. आपल्या गोव्यात असली थंडी कधीच पडत नाही. म्हणून मालकाच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० अशी दोन्ही तेले दिलेली असतील, तर थंडीच्या भीतीने एक सोडून दुसरे घेण्याचे आपल्याला कारण नाही.

नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो. तो १०० अंश सेल्सिअसला मोजतात. शिक्षक मित्रांसाठी आकडे सांगतो: श्रेणी ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, श्रेणी ४० म्हणजे १२.५ ते १६.३, श्रेणी ५० म्हणजे १६.३ ते २१.९. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. १५डब्ल्यू-४० तेल १०० अंशांवर सुमारे १४ सेंटिस्टोक असते. तेच ४० अंशांवर शंभराच्या पुढे असते. २०डब्ल्यू-५० तेल ४० अंशांवर दीडशेच्याही पुढे जाते. सकाळी गाडी सुरू करताना तेल २५-३० अंशांवर असते, म्हणजे याहूनही दाट. म्हणून इंजिनाची झीज गाडी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत अधिक होते. गाडी सुरू करताच जोराने रेस करू नये, पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश जावे, असे जे जाणते चालक सांगतात त्याचे मर्म हेच.

डब्यावरची अक्षरे

दाटपणा ही एक बाजू झाली; तेलाचा दर्जा ही दुसरी. डब्यावर एपीआय असे लिहून पुढे दोन-तीन अक्षरे असतात. एपीआय ही अमेरिकेतील पेट्रोलियम उद्योगाची संस्था. पहिले अक्षर ‘एस’ असेल तर तेल पेट्रोल इंजिनासाठी, ‘सी’ असेल तर डिझेल इंजिनासाठी. कित्येक डब्यांवर दोन्ही असतात. त्यापुढचे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितका दर्जा अलीकडचा: पेट्रोलसाठी एसएल हा २००१ चा, एसएम २००४ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा.

सामान्य नियम असा की, पेट्रोल गाडीच्या पुस्तिकेत जो दर्जा सांगितला असेल तो किंवा त्यापुढचा चालतो. मागचा मात्र घेऊ नये. दुकानाच्या मागच्या फळीवर जुन्या दर्जाचे तेल स्वस्त मिळते. ‘जुन्या गाडीला जुने तेल’ म्हणून ते पत्करू नये. अगदी जुन्या, म्हणजे अॅम्बॅसडर किंवा पद्मिनी यांसारख्या इंजिनांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. या इंजिनांत कॅमशाफ्ट आणि टॅपेट एकमेकांवर घासत चालतात आणि तेलातील जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्य त्यांना झिजण्यापासून वाचवते. नव्या दर्जांत धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणाच्या रक्षणासाठी फॉस्फरसवर मर्यादा घातली गेली. पण ती मुख्यतः २० व ३० श्रेणींच्या पातळ तेलांना लागू आहे. या जुन्या इंजिनांना नेहमीचे २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० घालणाऱ्यांनी त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पातळ तेल मात्र त्यांनी टाळावे.

आणखी एक सूचना घराघरासाठी. आपल्याकडे एकाच अंगणात मोटरसायकल आणि मोटार दोन्ही असतात. मोटरसायकलच्या बाटलीत उरलेले तेल मोटारीत, किंवा उलट, असे करू नये. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो. त्यासाठी जासो एमए असे चिन्ह असलेले तेल लागते. मोटारीच्या काही तेलांतील घर्षण कमी करणारी द्रव्ये त्या क्लचला निसटायला लावतात. वड्याचे तेल वांग्यावर, हे स्वयंपाकघरात चालत असेल. इंजिनात चालत नाही.

‘जुनी’ म्हणजे किती जुनी?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘जुन्या गाडीला जाड तेल’ हे वाक्य आपल्याकडे म्हणीसारखे रूढ झाले आहे. ते कोठून आले? ज्या काळी रस्त्यावर अॅम्बॅसडर आणि पद्मिनी होत्या, त्या काळी ते पुष्कळ अंशी खरे होते. त्या इंजिनांची मूळ आखणी युरोपात १९६० पूर्वीची. त्यांतील फटी मोकळ्या, तेलाच्या वाटा रुंद. ती जुनी झाली की किंचित दाट तेल त्यांना मानवे.

परंतु काळ पुढे गेला आहे. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. अॅम्बॅसडरचे उत्पादनही त्याच वर्षी बंद झाले. आज पंधरा वर्षांची गाडी म्हणजे २०१० च्या आसपासची गाडी. तिच्या इंजिनातील फटी बारीक आहेत. कित्येकांत टॅपेट तेलाच्या दाबावर चालतात, टायमिंग चेन ताठ ठेवणारे साधन तेलाच्या दाबावर चालते, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाही तेलाच्याच दाबावर चालते. अशा गाडीच्या पुस्तिकेत बहुधा ५डब्ल्यू-३० सारखे पातळ तेल सांगितलेले असते. तिला ‘म्हातारी’ समजून २०डब्ल्यू-५० घातले, तर सकाळी ते त्या बारीक वाटांतून वेळेवर पोचत नाही, चेन खडखडते, पेट्रोलही जादा जळते. गाडी जुनी झाली म्हणून तिच्या आतल्या वाटा रुंद होत नाहीत!

म्हणून माझे सांगणे एवढेच: तेल गाडीच्या वयावरून निवडू नका, त्या इंजिनाची जी गरज पुस्तिकेत लिहिली आहे तीवरून निवडा. पुस्तिका हरवली असेल तर त्याच बनावटीच्या अधिकृत सेवा केंद्रात गाडीचे वर्ष व इंजिनाचा प्रकार सांगून विचारा. तेल भरण्याच्या झाकणावरही पुष्कळदा श्रेणी कोरलेली असते.

मग दाट तेलाला स्थानच नाही काय? आहे, पण मर्यादित. पुष्कळ पुस्तिकांत हवामानानुसार तेलांचा तक्ता असतो आणि उष्ण प्रदेशासाठी एकाहून अधिक श्रेणी दिलेल्या असतात. गाडी पुष्कळ धावली असेल आणि तेलाचा खप वाढला असेल, तर त्या तक्त्यातील एक पायरी वरची श्रेणी घेण्यास हरकत नाही. म्हणजे ३० ऐवजी ४०. तक्त्याबाहेर जाऊ नये.

त्याहून महत्त्वाचे असे की, दाट तेल हे औषध नव्हे. माझ्या गाडीचे बेअरिंग झिजले होते. दाट तेलाने आवाज दबला, झीज थांबली नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे ते झाले. निळा धूर पहाटे सुरू करताना क्षणभर दिसत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हची रबरी सील कडक झालेली असतात. ती बदलणे हे इंजिन उघडून बांधण्याहून पुष्कळ कमी खर्चाचे काम आहे. चढणीवर जोर देताना निळा धूर येत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले असण्याचा संभव अधिक. पांढरा दाट धूर सतत येत असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर पाणी आत शिरत आहे. काळा धूर म्हणजे इंधन जादा जळत आहे. त्याचा तेलाशी सहसा संबंध नसतो. प्रत्येक दुखण्याचा उपाय वेगळा आहे. सर्वांवर जाड तेल हा उपाय नाही.

सिंथेटिक तेलाविषयीही एक गैरसमज आहे. जुन्या गाडीत ते घातले की गळती सुरू होते, असे म्हणतात. आजची चांगली सिंथेटिक तेले सीलांना अपाय करीत नाहीत. मात्र सील आधीच कडक होऊन तडकले असेल आणि साचलेल्या मळाने ती फट बुजलेली असेल, तर मळ सुटल्यावर गळती दिसू लागते. गळती तेलाने निर्माण केलेली नसते. ती उघडी पाडलेली असते. ज्या गाडीचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, तिला प्रथम पुस्तिकेतील श्रेणीचे साधे, चांगल्या दर्जाचे तेल व नवा फिल्टर घालावा, दोन-अडीच हजार किलोमीटरनंतर तेही बदलावे, आणि मग पुढचा विचार करावा. रॉकेल घालून इंजिन आतून धुण्याची रीत मात्र सोडून द्यावी. एकदम सुटलेला मळ तेलाच्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि तेलाची वाटच बंद होते.

निवडण्याइतकेच पाहणे महत्त्वाचे

उत्तमातले उत्तम तेल आणले आणि ते किती उरले आहे हे पाहिलेच नाही, तर उपयोग शून्य. तेल मोजण्याची डिपस्टिक बॉनेटखाली असते. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, डिपस्टिक काढून कापडाने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असावे. बहुतेक लहान गाड्यांत दोन खुणांमधील अंतर पाऊण ते एक लिटरचे असते. म्हणून वर घालताना थोडे थोडे घालावे. वरच्या खुणेहून फार अधिक भरले तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही.

जुन्या गाडीच्या मालकाने हे दर पंधरवड्याला करावे. संकष्टीला करा, एकादशीला करा, पगाराच्या दिवशी करा. दिवस ठरवून करा. गाडीत एक वही ठेवावी व तेल किती, कोणते, कधी, किती किलोमीटरला घातले हे लिहावे. शिक्षकांना हजेरीची सवय असतेच; ही इंजिनाची हजेरी समजावी. खप एकाएकी वाढला तर वही आधी सांगते, दिवा मागाहून.

तो लाल दिवा तेल कमी झाल्याचा इशारा देणारा आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तो तेलाचा दाब अगदी खाली गेल्यावर लागतो. चालत्या गाडीत तो लागला की बाजूला घेऊन त्याच क्षणी इंजिन बंद करावे. घर जवळ आहे, घाट संपत आला, असला हिशेब करू नये. माझे चार किलोमीटर आपण स्मरणात ठेवा.

तेल काळे झाले म्हणजे खराब झाले, हाही समज पूर्ण खरा नाही. मळ आपल्यात धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे. डिझेल गाडीत तर ते थोड्याच दिवसांत काळे होते. मात्र झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधाळ, सायीसारखा थर दिसला तर सावध व्हावे. पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या केल्या तर थोडी वाफ थिजून झाकणाखाली असा थर जमतो. लांबची एक फेरी केली की तो जातो. तो जात नसेल, वाढत असेल, तर रेडिएटरचे पाणी तेलात मिसळत आहे. गॅरेज गाठावे.

तेल कधी बदलावे? पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात. जे आधी येईल ते खरे. आपण फक्त किलोमीटर पाहतो. समजा, एखाद्या शिक्षकाचे घर शाळेपासून ३ किलोमीटर आहे. जाणे-येणे ६ किलोमीटर, शाळेचे दिवस २२० धरले, तर वर्षाला १,३२० किलोमीटर झाले. १०,००० किलोमीटरची वाट पाहिली तर सात वर्षे उलटतील! आणि तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरते तापतही नाही. वाफ आणि न जळलेले इंधन तेलात उतरते, पण उडून जात नाही. अशा गाडीचे तेल कमी धावूनही लवकर निकामी होते. तिने किलोमीटर विसरून महिने मोजावेत: वर्षातून एकदा तरी, आणि जुन्या पेट्रोल गाडीचे शक्य तर सहा महिन्यांनी. पावसाळा संपल्यावर तेल बदलणे आपल्या हवामानाला धरून आहे. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. लाल धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा हवेचा फिल्टरही वारंवार पाहावा. तेथून शिरलेली धूळ तेलात उतरते आणि कानसीसारखी घासते.

जुनी गाडी विकत घेताना इंजिन थंड असतानाच पाहावयास मागावी. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल, तर थंड होईपर्यंत थांबावे किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. डिपस्टिक व झाकण स्वतः काढून पाहावे. तेल काकवीसारखे संथ ओघळत असेल तर ‘कोणते ऑइल घातले?’ हा प्रश्न विचारावा. मी तो विचारला असता, तर आज हे व्याख्यान देण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

तेल घेताना सीलबंद डबा घ्यावा, झाकणाचे सील, तुकडी क्रमांक व उत्पादनाची तारीख पाहावी आणि पावती घ्यावी. डबा रिकामा झाल्यावर तो कापून टाकावा. तोच डबा पुन्हा भरून बनावट तेल विकण्याचे प्रकार घडतात.

वापरलेले तेल

शेवटी एक विनंती, आणि ती नागरिक म्हणून आहे. इंजिनातून काढलेले तेल पुष्कळ ठिकाणी कुंपणाच्या खांबांना, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, वाळवीवर ओततात किंवा गटारात सोडून देतात. त्या काळ्या तेलात झिजलेल्या धातूंचे कण आणि कातडीला अपाय करणारी द्रव्ये असतात. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या केंद्रीय नियमांत तशी तरतूद आहे. आणि एप्रिल २०२४ पासून वापरलेले तेल गोळा करून त्यावर पुन्हा प्रक्रिया होण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. आपण म्हादईच्या खोऱ्यात राहतो. आपल्या परसातला पाऊस ओहोळात जातो, ओहोळ नदीला मिळतो आणि तेच पाणी खाली कोणाच्या तरी घागरीत येते. म्हणून घरी तेल बदलले तर जुने तेल झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजात द्यावे. गॅरेजवाल्यांनी ते अधिकृत प्रक्रिया करणाऱ्यांनाच द्यावे.

बंधुभगिनींनो, मी सांगितलेल्यापैकी आकडे आणि अक्षरे विसरली गेली तरी चालतील. ती डब्यावर आणि पुस्तिकेत छापलेलीच आहेत. आज घरी गेल्यावर फक्त दोन गोष्टी करा. समोरच्या कप्प्यातली ती पुस्तिका पिशवीतून बाहेर काढा आणि तेलाचे पान वाचा. आणि उद्या सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बॉनेट उघडून डिपस्टिक पाहा. पुढे एखाद्या पावसाळ्या रात्री शेजारचा माणूस आपले दार ठोठावेल, तेव्हा आपली गाडी त्याला इस्पितळाच्या दारापर्यंत पोचवील की घाटात उभी राहील, हे पुष्कळ अंशी या पाच मिनिटांवर अवलंबून आहे.



जय हिंद. जय गोमंतक.